वरचं बूच आधी

एल्बिओमामा गाडीखाली आडवा, त्याचे बूट तेवढे दिसतात.
जुलै, म्हणजे आमच्या उरुग्वेत ऐन हिवाळा,
रिओ नेग्रोवरून आलेला वारा
शेडच्या पत्र्याला नखं लावतो आहे.
रनो चार, साल एकोणऐंशी, रंग कधीकाळी निळा.
हिच्यातूनच आईनं पंचवीस वर्षं
गावाबाहेरच्या बाळंतिणी गाठल्या.

सील गळत होतं.
सील बदलायचं तर गिअरबॉक्सचं तेल काढणं आलं,
आणि तेल काढलं की प्रश्न आला:
हेच परत ओतायचं, की नवं आणायचं?

"आधी वरचं बूच उघड," मामा खालून म्हणाला.
"खालचं उघडून तेल सोडून दिलंस
आणि वरचं गंजून अडलं,
की तेलही गेलं, तूपही गेलं,
हाती राहील पाना."
वरचं अडलंच होतं.
पानशाला पाइप जोडून, दोघांनी लोंबकळून,
एका शिवीसरशी ते सुटलं.

मग खालचं.
घमेल्यात तेल उतरलं सावकाश,
काकवीच्या धारेसारखं, तुटायला तयार नसलेलं.
हे वॉशिंग्टननं भरलेलं. माझा भाऊ.
इकडे मुलांची नावं अशीही ठेवतात, हसू नका.
बुचाशेजारी पांढऱ्या रंगात त्याचं अक्षर: मार्च, आणि साल.
एप्रिलमध्ये तो विगोला गेला, सहा महिन्यांसाठी.
त्याला सतरा वर्षं झाली.
गाडी तेवढ्यात चालली किती?
बाजार, कबरस्तान, बाजार.

"म्हणजे वापरलेलंच नाही," मामा म्हणाला.
"तलम मोज्यातून गाळ. तुझ्या आईचे असतील."
आईचं कपाट मी उघडलं नाही.
माझाच मोजा फाडला.

मामानं येर्बाचा भोपळा पुढे केला.
पाला कालचा, पाणी आजचं.
बँका बंद पडल्या त्या वर्षी
आम्ही तो पाला उन्हात वाळवून तिसऱ्यांदा भिजवायचो.
जिभेला कळायचं. जीभ गप्प बसायची.
गिअरबॉक्स गप्प बसत नाही.
दुसरा टाकला की कर्रर्र.

बुचाच्या चुंबकावर करडी, मऊ लव होती.
"ही चालते," मामा ती चोळत म्हणाला,
"ही वयाची. तुकडा नाही, म्हणजे दात शाबूत."
मी घमेलं दारात उन्हाला धरलं.
तेलात बारीक सोनेरी कण फिरत होते.
जुनं ते सोनं म्हणतात.
इथं उलटं: जुन्यात सोनं दिसलं
की समजावं, आतली पितळेची कडी झिजते आहे.
चुंबक त्या कणांना ओळखतही नव्हतं.
मोज्यातूनही ते निसटले.

मामानं पाहिलं. बोलला नाही.
टोपी घातली आणि दुकानात गेला.

दुकानदार ओदिलोननं सगळ्यात महाग डबा पुढे केला,
पाच नंबरचा.
मामानं चार नंबरचा मागितला.
"पाच पितळ खातो. मोठ्या आकड्याला भुलू नये,"
हे त्यानं ओदिलोनला सांगितलं, ऐकवलं मला.

गाडी सपाटीला, वरच्या भोकातून तेल आत,
आणि त्याच भोकातून थेंब बाहेर येईतो थांबायचं.
मोजमाप म्हणून एवढंच.
जुनं तेल मी कुंपणाच्या खांबांना फासलं.
थोडं उरलं, ते बाटलीत ठेवलं.
कशाला, ते मामानं विचारलं नाही.

पांढऱ्या रंगाचा डबा उघडला तर आत दगड झालेला.
तारीख खिळ्यानं कोरली, त्याच्या तारखेच्या खाली.

रविवारी वॉशिंग्टनचा फोन आला.
तेल बदललं म्हटल्यावर तो क्षणभर थांबला.
घराचं विचारलं नाही, आईच्या दगडाचंही नाही.
"आधी कुठलं बूच उघडलंस?"
"वरचं."
"हं," म्हणाला. "मग बरं."

दुसरा गिअर अजून थोडा करकरतो.
पण सकाळीच, इंजिन गार असेतो.