तैलरंग, चार बैठका

कोल्हापूरहून राधानगरीच्या रस्त्याला, भोगावतीकाठी
इंगवले सरकारांच्या मळ्यातला बंगला.
त्या पौषात आम्ही नऊ पाहुणे होतो.
आठांना काहीतरी व्हायचं होतं,
नववे मामलेदार, ते होऊन बसले होते.

गुऱ्हाळ रात्रंदिवस चालू.
चिपाडाचा धूर, काहिलीचा उग्र गोड वास.
ओल्या कॅनव्हासवर राख येऊन बसायची,
ती मी चिमट्यानं उचलायचो,
डोळ्यातलं कुसळ काढावं तशी.

हेमलता समोर, वेताच्या खुर्चीत.
तोवर सिनेमात दोनच मिनिटं दिसलेली,
घागर घेऊन, पाठमोरी.
"नाक जरा बारीक करा," पहिल्या दिवशी म्हणाली.
दुसऱ्या दिवशी काहीच नाही.
मान कलती ठेवून इतकी स्थिर बसली
की मला वाटलं, माझ्यासाठी.
मूर्खपणाला चांगला उजेड लागतो,
आणि माझ्या पाठीशी उत्तरेची खिडकी होती.

तिसऱ्या दिवशी चिंधी घ्यायला वळलो
तर खिडकीबाहेर दिघे,
बोटांची चौकट करून उसाचे तुरे बघत उभा.
तिच्याकडे पाठ.
त्याला एक मोठा सिनेमा करायचा होता,
ज्यात माणसं कमी असतील.

चौथी बैठक मी मोडली नाही.
बुबुळ तिळभर सरकवलं असतं
तर ती जन्मभर माझ्याकडे बघत राहिली असती.
ब्रश तिथवर गेला.
परत आला.

त्या नजरेला मुंबईत पदक मिळालं.
"कुठं बघतेय ही?" परीक्षकांनी विचारलं.
म्हटलं, उसाकडं.
सगळे हसले.

हेमलता सांगलीला दिली, पेढीवाल्यांच्यात.
दिघेचा सिनेमा दोन आठवडे चालला. ऊस चांगला दिसत होता.

आणि सरकारांची भाची, वत्सला.
चारही दिवस माझे ब्रश रॉकेलमध्ये धुतले तिनं,
चिंध्या पिळून कुंपणावर वाळत घातल्या,
निघताना काकवीची बाटली हातात दिली.
"रंगात मिसळू नका म्हंजे झालं," म्हणाली,
आणि मी घाईत होतो, एस.टी. उभी होती.

हल्ली पहाटे तिला काढायला बसतो.
हात येतात. रॉकेलनं तडकलेले,
नखांत माझाच निळा.
मनगटापर्यंत जमतं.
नाक कसं होतं, विचारू नका.