पावाचा कागद

रिओनीच्या अलीकडच्या काठाला आमची भट्टी.
पहाटे चारला मी तोनेत कंबरेपर्यंत वाकते,
कणकेची होडी आतल्या भिंतीला थापते.
भुवया कधीच्या जळून गेल्यात, आता कोरतही नाही.

गुंडाळायला कालची वर्तमानपत्रं येतात,
किलोच्या भावानं. युद्धात एवढीच गोष्ट स्वस्त.
पाव गरम, आणि हलकी शाई वाळतच नाही:
मथळा पावावर उमटतो, उलटा.
बेसारियोनला मारलं त्या आठवड्यात
गावानं ती बातमी खाल्ली, पापुद्र्यासकट.

मंगळवारी दोन गोळ्या होत्या.
बुधवारी पाच, आणि नदीपलीकडचा एक माणूस, उंच.
गुरुवारी तो बुटका झाला.
त्याच्या खिशात परक्या सिगारेटचं पाकीट सापडलं,
शुक्रवारी त्यात नेमक्या तीनच उरल्या होत्या.

बेसारियोन म्हणजे भूगोलाचा मास्तर,
मग नगरसभेत गेलेला.
चौकात उभा राहून म्हणाला होता,
पलीकडच्यांशी बोलू या,
माझ्या नकाशात नदी अजून निळीच आहे.
तेव्हा याच रेडिओनं त्याला विकला गेलेला म्हटलं.
आता भिंतीभिंतीवर तो,
खाली "सूड", आणि चष्मा पुसून टाकलेला.
चष्म्याशिवाय त्याला स्वतःचं दार सापडत नसे.

रांगेत मात्र कुणी भोळं नाही.
तेंगिझ नाटकगृहात दिवे सांभाळायचा. तो म्हणतो,
"फोटोत सावली बघ. सांजेला मारलं म्हणतात,
आणि सावली पायाशी गोळा झालेली, भरदुपारची."
मिनादोरा म्हणते, "ज्यांनी खांदा दिला
त्यांचेच हात हुंगा."
रॉकेलवाला नोदार नुसतं "आपलेच" म्हणतो,
आणि तो शब्द रांगेतून सरकत जातो
थंडीत एकच हातमोजा सगळ्यांनी वापरावा तसा.
मीही मान डोलावते.
लांडगा आला रे आला इतक्यांदा ऐकलंय
की आता मेंढरू मेलं
तरी आम्ही मेंढपाळाचेच दात मोजतो.

शनिवारी दारेजान आली. त्याची बायको.
रांगेनं तिला पुढे जाऊ दिलं, एवढं अजून उरलंय.
"एकच दे," म्हणाली. दोन न्यायची.
मी सुटे पैसे शोधत राहिले, उगीच.
तेवढ्यात मागून कुणीतरी, हळूच, अगदी आदरानं:
"ताई, तुम्ही किती ऐकल्या?"

ती म्हणाली,
"मी अक्रोड फोडत होते.
फळीवर, हातोडीनं. पालकात घातलेले त्याला आवडत.
त्यातले माझे आवाज किती, त्यांचे किती,
नाही सांगता येत.
मी थांबले तेव्हा सगळंच थांबलं होतं."

तिचा पाव मी कागदात गुंडाळला नाही.
डोक्याचा रुमाल सोडून त्यात दिला.
दुसऱ्या दिवशी तिनं तो धुऊन,
इस्त्रीसारखी घडी घालून, शेजारच्या पोराबरोबर परत पाठवला.

सोमवारच्या गठ्ठ्यात वरच होता रविवारचा अंक:
वीरपत्नीने पाचही गोळ्या मोजल्या.

रांग जागी झाली.
"बघ," तेंगिझ म्हणाला, "फोडली तिलाही."
"आणि अक्रोड म्हणे! तेव्हा घराघरात अंधार.
अंधारात कोण हातोडी चालवतं?"
"बोट ठेचलेलं नव्हतं तिचं," मिनादोरा म्हणाली,
"मी बघत होते."

गप्प बसा, असं म्हणायचं होतं मला.
तोंड उघडलंही असेल.
पण कणीक हातात होती, भट्टी तापलेली,
मी वाकले, थापली,
आणि वाकल्या वाकल्या, देवा,
मीही आठवत होते
त्या संध्याकाळी आमच्या गल्लीतली वीज
नक्की किती वाजता गेली होती.