पातळी निवडा

दीड वर्ष झालं सन्मतीची शाळा सुटून.
गणिताचं जमलं. विज्ञान तो
मिरज रोडला पंपाच्या मोटारी भरणाऱ्या
दस्तगीरभाईंच्या बाकड्यावर बसून शिकतो.
निबंधापाशी मात्र घोडं पेंड खातं.

तीन अभ्यासक्रम काढून ठेवलेत मी,
अडतीच्या दुकानातल्या प्रिंटरवर,
मालक जेवायला गेल्यावर.
कागदांना हळदीचा वास लागलाय, कडा पिवळ्या.

पहिल्यात बारा आठवडे, रोज पाच परिच्छेद,
सुरुवातीला सुविचार हवाच.
दुसरा पुण्याचा. साडेसहा हजार, शनिवारी ऑनलाइन.
त्यातल्या बाई फार गोड बोलतात.
'मुलांना व्यक्त होऊ द्या' असं
नमुन्याच्या तासात अकरा वेळा म्हणाल्या,
मी मोजलं.
तिसरा म्हणजे नुसता विषयांचा ढीग:
नदीचे आत्मवृत्त, फाटक्या छत्रीचे मनोगत,
मी मुख्याध्यापक झालो तर.

सन्मती म्हणाला, छत्री खरंच बोलायला लागली
तर मी निबंध लिहीत बसेन का?

यार्डात व्यापारी पोत्यात हात घालतात,
एक हळकुंड काढतात, कट्‌कन मोडतात,
आतला रंग बघतात, मग भाव.
एकोणीस वर्षं बघतेय हे, वहीतून मान वर करून.
अभ्यासक्रम कुठं मोडून बघायचा?

नणंद म्हणाली, वहिनी, तुम्ही बी.कॉम.,
तुम्हाला काय कळतं निबंधातलं?
खरंय.
दहावीला मला निबंधात पंधरापैकी बारा होते
आणि तो सगळा पाठ केलेला होता.
त्यात मी सुट्टीत मामाच्या गावाला गेले होते.
मला मामा नाही.

शेवटी तिसऱ्यातलाच एक विषय दिला, चाचणी म्हणून.
पूरग्रस्ताचे मनोगत. दीडशे शब्द.
तासाभरानं पान आणून टेबलावर ठेवलं
आणि सायकल घेऊन गेला.

'आयर्विन पूल, पस्तीस फूट. पप्पा म्हणाले, कायबी होत नाही.
एकोणचाळीस. आईनं डाळीचा डबा वरच्या फळीवर ठेवला.
त्रेचाळीस. आईनं तो खाली काढला आणि डाळ पिशवीत भरली.
सत्तेचाळीस. चौगुले आजोबांना खुर्चीसकट उचललं. ते लाजले.
बावन्न. बोटीत एक माणूस मांडीवर मिक्सर घेऊन बसलेला.
मी त्याला काही विचारलं नाही.
सत्तावन्न'

बस्स.
सत्तावन्नपुढे काही नाही.
पूर्णविरामही नाही, चष्मा पुसून पाहिलं.

सुविचार नाही. नदी बोलत नाही.
समारोपाला पाच गुण लिहिलेत तक्त्यात,
ते कुठल्या ओळीला द्यायचे?
लाल पेनाचं टोपण काढलं,
'फळीवर'ची वेलांटी तपासली, बरोबर होती,
टोपण लावलं.
तेव्हा तो नऊ वर्षांचा होता.
ती डाळ मी विसरून गेले होते.

रात्री पुण्याच्या बाईंचा फॉर्म उघडला.
नाव. वय. माध्यम.
मग एक चौकट:
पाल्याची पातळी निवडा.
प्राथमिक, मध्यम, प्रगत.

बोट तसंच राहिलं स्क्रीनच्या वर.
यांनी झोपेत कूस बदलली.
साडेसहा हजारांचं सकाळी बघू म्हणालेत.

आतल्या खोलीतून आवाज आला,
आई, मिक्सरमधली मि पहिली ना?
पहिली, म्हटलं. का रे?
त्या माणसाला
आता विचारतोय, म्हणाला.