पागुमे, सहावा दिवस

पियासाच्या उतारावर माझं दुकान:
एक टेबल, दोन शिक्के आणि एक प्रिंटर,
जो वीज आल्यावरही बराच वेळ विचार करतो.
अम्हारिकचं इंग्रजी, पानाला दोनशे बिर्र.
जन्म, लग्न, घटस्फोट, गुणपत्रिका,
सगळ्यांना एकच दर.

वोइनशेत आली ती वडिलांना घेऊन.
देमिसे पंक्चर काढतात, नखं अजून काळी,
म्हणून कागदांना त्यांनी हात लावला नाही,
हनुवटीनंच दाखवत राहिले: तो आधी, मग तो.

जन्म: पागुमे सहा, एकोणीसशे पंच्याण्णव.
तेरावा महिना आमच्याकडे दरवर्षी येतो,
दुष्काळ असो नसो;
पाच दिवसांचा, चौथ्या वर्षी सहा.
फॉर्मवरची यादी बारावरच थांबते.
मी बोटांवर हिशेब केला, मग यंत्रावर, मग पुन्हा बोटांवर:
अकरा सप्टेंबर, दोन हजार तीन.
एका ओळीत आठ वर्षं सरली,
पोरगी होती तेवढीच.
"मधली वर्षं कुणाकडे जमा होतात?" देमिसेंनी विचारलं.
मी म्हटलं, सही इथे करा.

मग आडनावाची चौकट.
आमच्यात आडनाव नसतं,
बापाचं नाव मागून चालत येतं.
तिथे देमिसे लिहिलं.
"म्हणजे तिकडे हिला हाक मारतील, ती माझ्या नावानं?"
त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

शाळेच्या दाखल्यावर वेयनिशेत, पासपोर्टवर वोइनशेत.
आमच्या एका अक्षराला इंग्रजीत तीन वाटा फुटतात
आणि प्रत्येक कारकून आपापल्या वाटेनं घरी जातो.
प्रतिज्ञापत्र केलं: या दोघी एकच आहेत.
तिनं सही केली, जरा थांबून,
दुसरीला विचारून घेतल्यासारखी.

परीक्षेच्या चिठ्ठीवर वेळ: नऊ.
आमचे नऊ म्हणजे ऊन कलायची वेळ;
घड्याळ इथे उजाडल्यापासून मोजतं.
शेजारी पेन्सिलीनं तीन लिहिलं, भोवती गोल काढला.
गेल्या साली एक मुलगा जेवून, केस विंचरून
सहा तास उशिरा पोचला होता.

दोन महिने ती मागच्या स्टुलावर बसून बोलायची,
माझ्या मोबाईलवर वेळ लावून.
तुम्हाला आवडलेली एखादी इमारत. दोन मिनिटं.
तुम्ही कुणाला केलेली मदत. दोन मिनिटं.
इमारत म्हणून तिनं पाण्याची टाकी सांगितली,
तिला शिकायचं होतं ते पाणीच.
व्याकरण माझ्याहून बरं.
खोट एकच: हो म्हणायचं असलं की
आम्हा सगळ्यांसारखी ती श्वास आत ओढायची,
झटकन, चटका बसल्यासारखा,
आणि गप्प.
मी सांगायचो, हे तिकडे ऐकू जात नाही.
त्यांचा होकार बाहेर पडतो. यस् म्हण.
मग ती म्हणत राहायची, जिन्यावर, मिनीबसच्या रांगेत,
भाजलेलं जव तोंडात टाकता टाकता:
यस्. यस्. यस्.

बोलण्यात साडेसात आले.
फिनलंडहून पत्र आलं, शेवटचं पान माझ्याकडे आलं.
देमिसे आज हात धुऊन आले होते,
घासून घासून लाल.
पान त्यांनी स्वतः धरलं, उलटं, मग सुलटं,
आणि मुलीला विचारलं, "जायचंय ना?"

"यस्," ती म्हणाली. स्वच्छ. दात दिसले.

देमिसे थांबून राहिले,
अजून काहीच उत्तर आलं नसल्यासारखे.
रस्त्यावर कुणीतरी टायर लोटत नेत होतं.
मग तिनं श्वास आत घेतला.
एवढासा.

मी शिक्का उचलला.
शाई वाळली होती, पुन्हा टेकवावा लागला.
दोनशे बिर्र द्यायला त्यांनी खिशात हात घातला
आणि मी, का कोण जाणे,
प्रिंटरकडे बघत राहिलो.