सोमवारची सुट्टी

शनिवार गेला, रविवारही गेला
शिरोलीत, भट्टीपलीकडच्या शेडमध्ये,
एकशे चाळीस कास्टिंग तपासण्यात.
लाल रंग लावायचा, दहा मिनिटं थांबायचं, पुसायचा,
वरून पांढरी पूड फवारायची.
चीर असली तर ती आपणहून बोलते,
केसाएवढी लाल रेघ.
नसली तर माझा शिक्का.

आज सोमवार. फुलेवाडीत उन्हं उंबऱ्यापर्यंत आलीत
आणि मी अजून गाऊनवर, पाय खुर्चीवर,
मांडीवर वाचनालयाचं पुस्तक,
शिवण उसवलेलं, हळदीचा डाग पडलेलं.
त्यात इन्स्पेक्टर दिघावकर
एका साखर कारखानदाराच्या बंगल्यात
ओल्या बुटांकडे बघत उभे आहेत.
उभे राहू देत.
मी भडंग घेऊन येते.

कुंभोजकरांनी पुस्तक देतानाच बजावलं होतं,
"छत्तिसावं पान बघू नका हं, ताई."
मग कोण बघणार नाही?
समासात, पेन्सिलीनं, टोकदार अक्षरात:
खुनी – कंपाउंडर.
सत्याऐंशी सालच्या कुणा वाचकाचं हे पाप असावं,
तारखांच्या चिठ्ठीवर त्या वर्षी एकच शिक्का आहे.
खरं सांगू, मला राग आला नाही.
दोन दिवस चिरा हुडकल्यावर
कुणीतरी आधीच हुडकून ठेवलेली चीर
किती बरी वाटते.
आता नुसतं बघायचं,
कंपाउंडर बशीत चहा कसा ओततो,
किती साधेपणानं म्हणतो,
"साहेब, मी तर झोपलो होतो."

संध्याकाळी गंगावेशीतून नणंद आली, वैजयंता,
पिशवीत कटवडे, कट वेगळ्या डब्यात.
तिला पुस्तकाचं कौतुक नाही, ती मालिका बघते.
तिथले दिघावकर सडपातळ, जाकीट घालतात,
गाडी अशी की आमच्या बोळात वळायची नाही.
बाहेर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या,
खिडकीची काच थरथरत होती,
आणि शेवटच्या भागात खून केला होता
कारखानदाराच्या धाकट्या बहिणीनं.

"अगं, पुस्तकात असं नाही!"
"मग पुस्तकच चुकलं असंल की," वैजयंता म्हणाली
आणि मिरची तोडली.

मला हसू आलं, मग आलं नाही.
मढं तेच. बूट तेच.
गुन्हेगार दोन, आणि दोघंही कबूल झाले,
एक पानभर, एक पाऊण मिनिटात, डोळ्यांत पाणी आणून.
आमच्या शेडमध्ये अकरा वर्षांत
कुणी कबूल झालेलं मी पाहिलं नाही.
कोअर ओला होता. पॅटर्न जुना होता.
तेव्हा पाळी बदलत होती, साहेब.

अठ्ठ्याऐंशी नंबर.
रविवारी रात्री सव्वाअकराला, दिव्याखाली,
रेघ होती की ब्रशचा केस होता?
पुसलं. वळवलं. पुन्हा पुसलं.
बाहेर ट्रकवाल्यानं दोनदा हॉर्न दिला.
मी शिक्का मारला.
आणि आज दिवसभर लोळून
दुसऱ्याच्या घरातले ओले बूट बघत बसले,
साहेब, मी तर झोपले होते.

जाहिराती लागल्या तशी गॅलरीत गेले,
डिस्पॅचच्या नदाफला फोन लावला.
"ट्रक खाली झाला काय हो?"
"चाकणला रांगेत हाय, मॅडम. उद्या सकाळी.
का ओ? आज सुट्टी न्हवं तुमची?"
"एक पीस बाजूला काढायला सांगा. अठ्ठ्याऐंशी."
तो काही बोलला नाही. मागं कुणाचातरी रेडिओ.
"कुणाच्या नावावर टाकू?"
"माझ्या."

आत आले. वैजयंता पडद्यावरून नजर न काढता,
"कोण होतं गं?"
"कुणी नाही."
माझा कटवडा गार झाला होता.
कट मात्र अजून कोमट होता, तो वर ओतला.