कोऱ्या बाजूंची वही

ह्यांनी डेपोतून आणलेली जुनी जॉबकार्डं,
एका बाजूला गाडी नंबर, क्लच, ब्रेक लायनर,
दुसरी बाजू कोरी.
दाभणानं सुतळी ओवून मी ती शिवली
आणि पहिल्या पानावर लिहिलं:
पांढऱ्या कापडाला गंज लागला तर
लिंबू, मीठ आणि दुपारचं ऊन.
जिंतूरला तेवढं एक
विकत आणावं लागत नाही.

मग लिहीतच गेले.
ज्वारीच्या कोठीत कडुलिंबाचा पाला, पण वाळवून.
ओला टाकू नये.
(दोन पायल्या उकिरड्यावर गेल्या, तेव्हा कळलं.)
येसर भाजताना खिडकी उघडी ठेवली
तर शेजारीण न बोलावता येते.
आली तर बसवून घ्यावी.
नळ आठव्या दिवशी येतो,
तळाच्या घागरीत तुरटी फिरवावी, सात फेरे.
सातच का, ते आईला माहीत होतं.
मी विचारायची राहिले.

वायरच्या पिशवीची गाठ काही शब्दांत बसेना.
चार टोकं, एक वर, एक खालून, मग तिसरं...
खोडलं.
हिरव्या वायरची एक खरी गाठ घालून
पानालाच टाचून टाकली.

वही पहिल्यांदा बाहेर गेली वच्छला घुगेकडे,
परत आली ती हळदीचा अंगठा घेऊन.
खारोड्यांत मी लिहिलेलं एक चमचा मीठ
खोडून तिनं अर्धा केला होता,
बाजूला शेरा: वाळलं की खारट वाढतं, बाई.
मला राग आला. दोन दिवस.
तिसऱ्या दिवशी खारोडी खाऊन बघितली.

मग शाहेदाबीकडे. तिनं पेपरवर कापलेला
ब्लाऊजचा गळा घडी घालून ठेवला,
वर उर्दूत दोन शब्द.
मला वाचता येत नाहीत,
गळा मात्र बरोबर बसला.
कच्छवे मास्तरणीनं शुद्धलेखन तपासलं,
लाल पेनानं, सतरा चुका,
आणि शेवटी हळूच: कुकरची रिंग सैल झाली तर
काय करता हो तुम्ही?
खाली तिघींची तीन उत्तरं.

असं करत वही यलदरी रोडवरची
सगळी कॉलनी फिरली.
कोणाकडून कोणाकडे, मीही विचारणं सोडलं.

परवा आली तेव्हा
एकतिसाव्या पानावर पेन्सिलीत,
अक्षर ओळखीचं नाही:
रात्री झोप येत नसेल तर
उठून घासलेली भांडी परत घासावीत.
आवाज होऊ देऊ नये.
त्यानं उठतात.

एवढंच. खाली नाव नाही.
मी पान उलटलं. मागे डेपोचा छापील रकाना,
कुण्या मेकॅनिकचं वाकडं अक्षर:
तक्रार – चढाला आवाज करते.
केलेले काम –
पुढे काहीच नाही.

चहाचा कप तसाच गार झाला.
करपल्या पातेल्यावर माझ्याकडे चार उपाय आहेत,
ह्याच्यावर एकही नाही.
पेन्सिलच शोधली मग, पेन बरं दिसेना,
आणि त्या ओळींखाली लिहिलं:
मीही जागी असते. पिवळं घर, पाण्याची टाकी.
ताटावर चमचा वाजवा, दोनदा.
आणि वही पुढे दिली,
कशातलंच काही नसल्यासारखी.

नऊ रात्री गेल्या. कुत्री, डेपोतली उशिराची गाडी,
कुणाचा तरी खोकला.
काल दीडच्या सुमाराला
टण्.
मी उठून बसले. बराच वेळ काही नाही.
मांजर असेल.
टण्.

अंधारात चमचा सापडेना, उलथनं लागलं हाताला.
तेच वाजवलं परातीवर.
हे कुशीवर वळले: काय पडलं?
काही नाही, म्हटलं. झोपा.

सकाळी कोठीतून दीड वाटी येसर काढलं,
भाजताना
तिन्ही खिडक्या उघड्या टाकल्या.