सत्तावीसवर काट

म्हापशाला गेले होते कांद्याची रोपं आणायला.
शुक्रवार होता. आणि घरात बसवत नव्हतं:
टेबलावर कोरा कागद, त्यावर उताणी पडलेली पेन्सिल,
दोन वर्षं झाली, रेघ
रेघेसारखी उमटत नव्हती.
पहिलीच्या पुस्तकांत चित्रं काढायचे मी.
अ अननसाचा. शे-दीडशे अननस काढले असतील,
सगळे एका आईचे.

मडक्यांच्या मागे, पाय गेलेल्या खुर्च्यांच्या गर्दीत
बोस्त्यांवने एक जनेल उभं केलं होतं,
शिंपल्यांचं, जुनं, जोडीतली एकच झडप.
करडाच्या कानातून ऊन दिसतं
तसा उजेड त्यातून माझ्या पिशवीवर पडला.
"बाये, पांच शिंपयो नात. म्हूण स्वस्त."
रोपांचे पैसे तिथेच संपले.

थिवीच्या बसमध्ये कंडक्टरने
दोन माणसांचं तिकीट फाडलं.
जनेल खिडकीशी बसलं, मी उभी.

घरी आणून पेरूच्या खोडाला टेकवलं,
जिथे कडेने बाटल्या उलट्या पुरून
मी एक वाफा केला होता आणि विसरले होते.
कुंपणापलीकडून एस्पेरांस बघत होती.
ती दुधाच्या पत्र्याच्या डब्यांत जिरेनियम लावते,
फुटलेली बशी टाकत नाही,
पायरीच्या ओल्या सिमेंटात दाबून बसवते;
तिच्या दारात एक निळं अर्धं जहाज
कित्येक वर्षं नांगर टाकून आहे.
पाच भोकं तिने बोटाने मोजली.
म्हणाली, विणून देते.
एकच विणलं, पांढऱ्या दोऱ्याचं, मधोमध चुकलेलं फूल.
मग मोतीबिंदूला दोन शिव्या हासडून
सुई डब्यात ठेवून दिली.

दुसऱ्या चौकटीत मी काच बसवून पाहिली.
काचेने लगेच सगळं सांगून टाकलं:
पाण्याची टाकी, दोरीवरचा परकर,
शेजारच्यांचा स्कूटरवरचा मुलगा.
काढली.
शिंपला काही सांगत नाही.
त्याच्यामागे कोणी येऊन उभं राहिलं
तर उजेड किंचित जाड होतो, एवढंच.

आणि मग रॉकेलच्या बोळ्याने चौकट पुसताना,
भिंतीत गाडली जाते त्या बाजूला,
जिथे कुणी कधी बघणार नव्हतं,
सुताराच्या पेन्सिलीतले आकडे:
सात गुणिले चार.
सत्तावीस.
सत्तावीसवर काट.
बाजूला, जरा खाली, जरा मोठ्याने: अठ्ठावीस.

शेवटचा शिंपला कमी पडल्यावरच कळलं असेल.
एकासाठी परत किनाऱ्याकडे माणूस धाडला असेल,
किंवा मालकिणीसमोर
कानामागची पेन्सिल काढून
असाच वाकला असेल चौकटीवर.
नाव लिहिलेलं नाही. गणित तेवढं ठेवून गेला.

मी हात परकराला पुसले.
किराण्याच्या पुडीचा खाकी कागद उलगडला,
पायरीवरच बसले, आणि ते उतरवून घेतलं,
जसंच्या तसं. सात. चार.
आकडे सोपे गेले.
ती काट जमेना:
तिरकी, घाईची, शेवटाला उचललेली,
चुकलं हे मान्य करून पुढे निघालेल्या हाताची.
पहिल्यांदा फार व्यवस्थित आली.
दुसऱ्यांदा माझीच आली.
तिसऱ्यांदा कागद थोडा फाटला
आणि जमली.
मग त्याच कागदाच्या उरलेल्या जागेत
चुकलेलं फूल काढलं, बाटल्यांचे तळ काढले,
एस्पेरांसची हाक आली तेव्हा
जहाजाची शिडं चालली होती, नसलेल्या अर्ध्याची.

एकही अननस नाही.

रोपं पुढच्या शुक्रवारी.
चार चौकटी अजून उघड्या आहेत.
एकीतून दोडक्याचा तंतू आत आलाय.
आत म्हणजे कुठे, ते मात्र
बागेत उभ्या जनेलाला कसं विचारायचं.